शास्त्रीय कारण द्या, गुण दोन

नवतप्याचा चौथा दिवस, पारा शेहेचाळीसवर
आणि कूलरची मोटर जळालेली.
स्कूटीवर पायांशी ती ठेवून, तोंडाला दुपट्टा गुंडाळून
निघाले गोळीबार चौकाकडे.
सिग्नलला पाय टेकला, तर डांबर चपलेला सोडेना.

पिशवीत उन्हाळी वर्गाच्या उत्तरपत्रिका.
सहावा प्रश्न मीच काढलेला:
सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश,
त्याभोवतीचं विरळ प्रभामंडल मात्र दहा लाखांच्या वर.
शास्त्रीय कारण द्या. गुण दोन.

सगळ्यांनी गाइडातलं उतरवलं होतं.
एकट्या प्रज्वल रंगारीनं लिहिलं:
चुलीपासून लांब गेलं की झळ कमी व्हायला पाहिजे.
इथं उलटं आहे. मला नाही माहीत.
तुम्हाला माहीत आहे का, मॅडम?

यादोराव हेडाऊंचं दुकान म्हणजे
अर्धं शटर, तांब्याच्या तारेची रिळं,
जळक्या वार्निशचा वास.
त्यांचे वडील इथंच हातमागावर बसायचे.
माग गेला, खड्डा राहिला;
त्या खड्ड्यात पाय सोडून यादोराव
सूत मोजावं तसे वेढे मोजतात, ओठ न हलवता.

उकाड्यावर बोलता बोलता मी सूर्यापर्यंत गेले.
"हो का जी?" म्हणाले,
आणि माझी मोटर उकलून पुढ्यात धरली.
"हे पाहा. आतली तार शाबूत हाय.
जळली कुठं? वेढ्यावर वेढा चढला, पीळ पडला,
एकानं दुसऱ्याले घासलं, तिथं.
बाबाच्या मागावर बी असंच होये.
ताणा गुंतला तं सूत काही बोलत नाई,
बोलत नाई, बोलत नाई,
मंग तटकन."

मी स्टुलावर गप्प.
तिथं वरही पृष्ठभाग उकळतोय,
एकेक बुडबुडा महाराष्ट्राएवढा,
आणि चुंबकी रेषांचे पाय त्या उकळीत रोवलेले.
पाय सरकतात, वर वेणी पडते.
घट्ट होत जाते, मग कुठेतरी तुटून
भलत्याच टोकाला सांधली जाते,
आणि साठलेला ताण तिथंच, वरच, उष्णता होऊन सांडतो.
किंवा खालून कुणी दोर हलवावा
तशा लाटा चढतात, आणि वर जाऊन फुटतात.
किंवा दोन्ही.
हिशेब अजून कुणाचाच पुरता जुळलेला नाही.
रेषा म्हणजे धागे नव्हेत, हेही मला कळतं;
पण फळ्यावर खडूनं काढते, त्याही कुठे खऱ्या असतात?

शेजारी ग्रील बनवणारा पोरगा ग्राइंडर चालवत होता.
उघड्या दंडावर ठिणग्यांचा पाऊस,
हजार अंशांच्या ठिणग्या,
आणि हा आपला गुणगुणतोय.
तापमान एवढं थोरलं, ऐवज चिमूटभरही नाही.
प्रभामंडलाचं तसंच असणार.
खालचा उजेड अडवता आला
तर ते दहा लाख हाताला जेमतेम कळतील.
म्हणून तर खग्रास ग्रहणाची काही मिनिटं सोडली
तर ते आपल्या डोळ्यांना दिसतही नाही.
हे मी वर्गात सांगितलंच नव्हतं.

"साडेचारशे," यादोराव म्हणाले,
शेवटची गाठ दातानं आवळत.
"किती टिकेल?"
"वेढा सरळ बसला तं तीन उन्हाळे.
वाकडा बसला तं आपली भेट लवकर होईन."

रात्री कूलर सुरू झाला.
आधी धुळीचा गरम झोत,
मग हळूहळू ओल्या वाळ्याचा वास.
लाल पेन प्रज्वलच्या ओळीपाशी बराच वेळ अडलं.
दोनपैकी दोन दिले.
खाली लिहिलं: नाही, पुरतं नाही.

मग पेन तसंच हातात राहिलं.
हेडाऊंचे गुण कुठे मांडायचे,
ते सुचेना.